फुटला की आला?

दिवाळीच्या आगेमागे आमच्या कोल्हापुरात एक सामना सुरू होतो. त्याला ना पंच असतो, ना शिट्टी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे फुटबॉल खेळाडूंची नोंदणी व्हायची असते आणि यंदा कोण कुठल्या तालमीकडून खेळणार यावर गल्लोगल्ली काथ्याकूट चालतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ... नावं तीच, पोरं मात्र इकडची तिकडं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर बसणाऱ्या पोरांना तर दिवस पुरत नाही. "त्यो बॅक आपल्यात आला तर विषयच संपला, बाई!" असं मलाही सांगून जातात. मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे माझं लक्ष बॅकपेक्षा क्रियापदाकडे जास्त.

ऐकून बघा कधी. आपला खेळाडू दुसऱ्या तालमीत गेला की तो 'फुटला'. दुसऱ्यांचा आपल्याकडे आला की तो नुसता 'आला'. माणूस एक, रस्ताही एकच, मिरजकर तिकटीपासून निवृत्ती चौकापर्यंत चालत जाण्याइतका. फक्त आपण कुठल्या टोकाला उभे आहोत त्यावर शब्द बदलतो! मराठीत मडकं फुटतं, पेपर फुटतो, आमदार फुटतात. त्या यादीत वीस-बावीस वर्षांच्या पोराला बसवणं मला पटत नाही. आणि 'फुटला'वरच थांबत नाहीत, पुढचा शब्द 'गद्दार' असतो.

डॅलसला असलेला आमचा नातू बास्केटबॉलवेडा आहे. तिकडे याहून मोठा बाजार. फेब्रुवारी २०२५मध्ये तिथल्या संघाने आपला लाडका लुका डॉन्चिच लॉस एंजलिसला देऊन टाकला आणि बदल्यात अँथनी डेव्हिस वगैरे घेतले. आदल्याच वर्षी या पोराने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. लोक मैदानाबाहेर निषेधाला उभे राहिले. नातू आठवडाभर जेवणावर रुसला होता, असं सूनबाई सांगत होती. म्हणजे तिथे मालक खेळाडूची परस्पर अदलाबदल करू शकतो, आणि करार संपला की खेळाडूही आपल्या मर्जीने जाऊ शकतो. हा दुसरा हक्क काही आपोआप मिळालेला नाही बरं. ऑस्कर रॉबर्टसन हा मोठा खेळाडू, खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. त्याच्या नावाने १९७०मध्ये दावा लागला, तो मिटायला १९७६ उजाडलं. पुढे १९८८पासून पूर्ण मोकळीक मिळू लागली. तरीही २०१०मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला तेव्हा लोकांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या. तो २०१४मध्ये परतला आणि २०१६मध्ये त्याने त्याच गावाला विजेतेपद मिळवून दिलं. जर्सी जाळणाऱ्यांनी नव्या विकत घेतल्या असणार, दुसरं काय!

आमच्याकडे मालक नाही, तालीम आहे, हे मला मान्य आहे. तालीम म्हणजे कंपनी नव्हे. कुणीतरी वर्गणी काढलेली असते, कुणीतरी पोराला पहिले बूट घेऊन दिलेले असतात, कुणाच्या तरी घरी तो रोज जेवलेला असतो. तो पोरगा शाहू स्टेडियमवर समोरच्या बाजूने उतरला की पोटात तुटतं, ते खोटं नाही. पण ते दुःख आहे, गुन्हा नाही.

आणि कोल्हापूर कधीपासून असं सोवळं झालं? कुस्तीत तर बाहेरून येणाऱ्याला आपण डोक्यावर घेतलं. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, १९६०चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळ्याकडच्या पुनवतचे. दोघेही आज कोल्हापूरचे म्हणूनच सांगितले जातात. आपलं गाव सोडून आले म्हणून इथे कुणी त्यांना टोचलं नाही. फुटबॉलमध्येही आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूने गोल मारला की खांद्यावर घेतातच की. अनिकेत जाधव २०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, मग जमशेदपूर, मग हैदराबाद. २०२१-२२ची इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात तो होता. तो जमशेदपूरहून 'फुटला' असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. लांब गेला की प्रगती, आणि शेजारच्या पेठेत गेला की गद्दारी, हा कुठला न्याय?

माझा एक विद्यार्थी होता, नाव लिहीत नाही. मधल्या फळीत खेळायचा, निबंधात मात्र कायम नापास. एका हंगामात गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ज्या तालमीसाठी तुटला, तिथले लोक पहिले आठ दिवस फळं घेऊन आले, नंतर येईनासे झाले. ऑपरेशनला आईच्या बांगड्या गेल्या. दीड वर्षाने तो उभा राहिला आणि चार पैसे जास्त देणाऱ्या दुसऱ्या तालमीकडून उतरला. त्या दिवशी गॅलरीतून त्याला आईवरून शिव्या पडल्या. त्याच आईवरून! आज तो एमआयडीसीत नोकरी करतो, जिना चढताना कठडा धरतो.

म्हणून निष्ठेच्या गप्पा सुरू झाल्या की मी भिंतीवरच्या पोरांना विचारते, निष्ठा दोन्ही बाजूंनी असते का रे? गप्प होतात. एकजण मात्र हुशार, म्हणाला, "बाई, मग बाहेरचीच आणत बसले तर आमी कवा खेळायचं?" याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, कारण प्रश्न बरोबर आहे. गल्लीतली पोरं सरावाला येतात, पाणी आणतात, बाकावर बसतात आणि पंचविशीला बूट खुंटीला लावतात. त्यांना एक-दोन जागा राखून ठेवल्या तर आकाश कोसळणार नाही. पण तो दोष तालमीच्या कारभाऱ्यांचा. चार पैसे मिळतात तिकडे जाणाऱ्याचा नव्हे.

मला वाटतं, हंगामापुरता का होईना, साधा कागद करावा. किती पैसे, कधी देणार, आणि दुखापत झाली तर दवाखान्याचं बिल कुणाचं, एवढ्या तीन ओळी. खाली दोन सह्या. हंगाम संपला की दोघेही मोकळे. "बाई, आमच्यात शब्दावर चालतंय," असं पोरं म्हणतात. चालत असेल, पण त्या विद्यार्थ्याला शब्दच दिला होता.

कागदाचा मसुदा हवा असेल तर मी लिहून देईन, शुद्धलेखनासकट. कुठल्याही तालमीला.