वैमानिकाचा कोट आणि मेकॅनिकचा डगला

सुलतानपूरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या शिवारात हिवाळ्याच्या रात्री गव्हा-हरभऱ्याला पाणी देणारी माणसे उभी असतात. शेतीपंपाला वीज रात्री मिळते, म्हणून झोपेची वेळ बांधावर काढावयाची. वऱ्हाडातील अशा कित्येक शेतकऱ्यांच्या अंगावर लष्करी धर्तीचा जुना हिरवा कोट दिसतो. तो किती ऊब देतो, एवढाच त्याच्या किमतीचा हिशेब. याच जातकुळीच्या दुसऱ्या एका वस्त्राचे मोल मात्र निराळ्याच मापाने केले जाते, आणि ते माप तपासून पाहावे असे मला वाटते.

हे वस्त्र म्हणजे लष्करी वैमानिकांचा जुना पोशाख. तो जमविणारे हौशी लोक जगभर आहेत आणि आपल्याकडेही पुण्याच्या जुन्या बाजारात वा मुंबईच्या चोरबाजारात अशा वस्तू शोधीत हिंडणारे भेटतात. अमेरिकी सैन्याने १९३१ साली स्वीकारलेला, बहुधा घोड्याच्या कातड्याचा ए-२ कोट. ब्रिटिश हवाई दलाचा लोकरीसकट मेंढीच्या कातड्याचा अर्विन कोट. कातडी टोप, चष्मे, हातमोजे. अस्सल ए-२ काही हजार डॉलरांना विकला जातो. तो अमुक वैमानिकाचा होता हे कागदोपत्री सिद्ध झाले की किंमत कितीतरी पटींनी चढते.

आमचे काही मित्र म्हणतील की युद्धाच्या या चिंध्यांचे कौतुक समाजवाद्यांनी कशासाठी करावे? आक्षेप प्रामाणिक आहे. पण मला तो पटत नाही. सेनापतीचा पुतळा युद्धाचा गौरव करतो, कोट ते करीत नाही. कोट थंडीविषयी बोलतो. सहा हजार मीटर उंचीवर हवेचे तापमान उणे २४ अंशांच्या आसपास उतरते आणि आरंभीच्या विमानांत वैमानिक उघड्यावरच बसत असे. वीस-बावीस वर्षांची पोरे तेथे गोठत होती, हे या कातड्याच्या जाडीवरून जितके कळते तितके कोणत्याही युद्धवृत्तान्तावरून कळत नाही. अर्विन कोट पाहा. युद्ध लांबले आणि मेंढीची मोठी अखंड कातडी पुरेनाशी झाली, तेव्हा लहान तुकडे जोडून कोट शिवले गेले. टंचाईचा इतिहास त्या शिवणींत उमटलेला आहे.

या साऱ्या पोशाखांत सिडकॉटची कथा मला सर्वांत बोधप्रद वाटते. पहिल्या महायुद्धात, १९१६-१७च्या हिवाळ्यात, सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक घाईघाईत कामाचा तेलाने माखलेला डगला घालूनच उडाला. परतल्यावर स्वच्छ पोशाखातले सोबती कुडकुडत होते आणि याला थंडी फारशी बाधली नव्हती. तेल-ग्रीस मुरलेल्या कापडातून वारा शिरला नव्हता! त्यावरून त्याने आत पातळ फर, मध्ये हवा अडविणारे रेशीम आणि वर घट्ट विणीचे कापड असा तीन थरांचा पोशाख बेतला. सिडने आणि कॉटन या नावांतून ‘सिडकॉट’ हे नाव झाले. (कॉटन म्हणजे कापूस; वऱ्हाडी वाचकाला गंमत वाटावी.) ज्या डगल्याने ही युक्ती शिकविली तो मेकॅनिकच्या कामाचा. आज सिडकॉट मिळाला तर संग्राहक हरखून जातो. मेकॅनिकच्या डगल्याला मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

आपल्याकडेही हेच घडले. पहिल्या महायुद्धात जे मोजके भारतीय ब्रिटिशांच्या विमानदलात उडाले त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. १९१८ साली ते फ्रान्सच्या आघाडीवर मृत्यू पावले. हरदितसिंग मलिक यांनी तर पगडीवर बसेल असा मोठा टोप खास करवून घेतला होता. तो टोप शिवणाऱ्या कारागिराची आठवण कोणी ठेवली? १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला भारतीय वायुसेनेची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा मूठभर अधिकाऱ्यांबरोबर १९ ‘हवाई शिपाई’ होते. विमानाचे यंत्र तेच सांभाळीत. त्या अधिकाऱ्यांतील सुब्रतो मुखर्जी पुढे वायुसेनाप्रमुख झाले आणि इतिहासात राहिले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक आसामातून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला रसद नेत. त्यांच्या कोटांवर भारताचा तारा आणि चीनचा सूर्य असलेली ढाल दिसते. यांतील कितीतरी कातडी बिल्ले आपल्याच बाजारांतील कारागिरांनी कापले, रंगविले, शिवले. हे हातकाम यंत्रावरच्या बिल्ल्याहून थोडे वाकडेतिकडे असते, आणि त्या वाकडेपणासाठीच संग्राहक आज जास्त दाम मोजतात. कारागिराची चूक मौल्यवान, कारागीर अनामिक! अमेरिकी कोटाच्या आतल्या पट्टीवर कंपनीचे नाव आणि कंत्राटाचा क्रमांक असतो. शिवणाऱ्या बाईचे नाव तेथेही नसतेच.

कापसाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने महायुद्धाच्या काळात व्हेंटाइल नावाचे सुती कापड विकसित केले. पाणी लागताच त्याचा धागा फुगतो आणि विणीतील छिद्रे मिटतात. बर्फाळ समुद्रात पडलेला वैमानिक पूर्वी काही मिनिटांतच दगावे; या कापडाच्या पोशाखाने त्याला सुटकेची वाट पाहण्याइतका वेळ मिळू लागला. त्यासाठी अत्यंत लांब धाग्याचा कापूस लागे. वऱ्हाडचा आखूड धागा तेथे चालण्यासारखा नव्हता. लँकेशायरच्या गिरण्यांनी आमचा कापूस वर्षानुवर्षे नेला तो अमेरिकी मालाची उणीव भरून काढण्यापुरता.

मग हा छंद सोडून द्यावा काय? मुळीच नाही. तो डोळसपणे करावा. नकली माल पुष्कळ आहे; म्हणून पट्टी, चेन, शिवण आणि ब्रिटिश वस्तूवरील मुकुटाखालचा ‘ए.एम.’ हा शिक्का पारखून घ्यावा. जंबुपार प्रकाशात आजचा कृत्रिम धागा पुष्कळदा चमकतो, तेवढ्यानेही लबाडी उघडी पडते. आपल्या उन्हाळ्यात कातडे पत्र्याखाली ठेवू नये, कोट खिळ्याला टांगू नये. सैनिक असल्याचे भासविण्यासाठी तो पेहराव करणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे, याचेही भान असावे.

माझा मुख्य आग्रह वेगळा आहे. निवृत्त वायुसैनिकाच्या घरातील ट्रंक उघडली जाते तेव्हा व्यापारी कोट उचलतो आणि उरलेले रद्दीत जाते. त्यात पगाराची पावती असते, कार्यशाळेतला गटाचा फोटो असतो, डगल्यावर शिवलेला क्रमांक असतो. वायुसेनेचे संग्रहालय दिल्लीत पालमला आहे, आणि देखभाल-दुरुस्तीची धुरा वाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. विमान चालते ठेवणाऱ्यांच्या वस्त्रांचा आणि अवजारांचा एक सार्वजनिक संग्रह नागपुरातच व्हावयास हवा. विदर्भातील माजी वायुसैनिकांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरावी, आणि तोपर्यंत ज्यांच्या घरी असा डगला असेल त्यांनी तो धुऊन पोछा करण्यापूर्वी खिशात काय आहे ते तरी पाहावे.