वृद्ध श्वानाची शुश्रूषा

महाभारताच्या आरंभीं एका कुत्र्याचें गाऱ्हाणें आहे आणि शेवटाकडे एका कुत्र्याची सोबत आहे, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानांत असेलच. आदिपर्वांत जनमेजयाच्या यज्ञभूमीवर आलेल्या सारमेयास राजाचे बंधु विनापराध मारतात, आणि त्याची माता सरमा त्यांस जाब विचारते. महाप्रस्थानिकपर्वांत मागें चालत आलेल्या कुत्र्यास टाकून इंद्राच्या रथांत चढण्याचें धर्मराज नाकारतो. या दोन कथांच्या मध्यें गृहस्थाचा जो नित्याचा धर्म आहे, त्याचा प्रश्न मोठा रोकडा आहे: बारा-तेरा वर्षें दार राखलेलें जनावर म्हातारें व रोगी झालें म्हणजे त्याचें काय करावयाचें?

म्हातारपणीं कुत्र्यांस गांठणाऱ्या रोगांत मूत्रपिंडें निकामी होत जाण्याचा रोग वारंवार आढळतो. तो चोरपावलांनीं येतो. कुत्रें पाणी फार पितें आणि लघवीही फार करतें, हें त्याचें प्रथमचें लक्षण. घरांतील माणसें म्हणतात, “पाणी भरपूर पितें, मूत्रही स्वच्छ होतें, मग मूत्रपिंडांस काय धाड भरली आहे?” हा तर्क उलटा आहे. निरोगी मूत्रपिंड रक्तांतील मळ थोड्या पाण्यांत दाट करून बाहेर टाकतें. तें सामर्थ्य गेलें म्हणजे तेवढाच मळ टाकावयास पुष्कळ पाणी खर्चीं पडतें. मूत्र फिकें होतें तें यामुळें, आणि गेलेलें पाणी भरून काढण्यासाठीं जनावर पुनः पुनः भांड्याकडे जातें. रात्रीं ओसरी भिजते म्हणून कित्येक घरीं पाण्याचें भांडें सायंकाळींच उचलून ठेवतात. हें कदापि करूं नये. ओसरी धुतां येते. पाण्यावांचून सुकलेलें मूत्रपिंड पुनः हिरवें होत नाहीं.

रक्तांतील क्रिएटिनीन वाढलेलें दिसूं लागतें, तोंपर्यंत मूत्रपिंडांचें सुमारें तीनचतुर्थांश सामर्थ्य नष्ट झालेलें असतें. यास्तव सात-आठ वर्षांवरील कुत्र्याचें रक्त, मूत्र व रक्तदाब वर्षांतून एकदां तरी पशुवैद्याकडून तपासून घ्यावा. एस. डी. एम. ए. नांवाची रक्ताची नवी तपासणी हा रोग पुष्कळदां याहून अगोदर पकडते. वैद्य या रोगाच्या चार पायऱ्या मानतात. दर शंभर मिलिलिटरांस क्रिएटिनीन ५ मिलिग्रॅमांच्या वर गेलें म्हणजे चौथी पायरी समजावी. गेलेलें परत येत नाहीं. उरलेलें जपणें एवढेंच मनुष्याच्या हातीं आहे. परंतु रोग लवकर कळला व पथ्य नीट राहिलें, तर महिनेच नव्हे, कधीं कधीं वर्षेंही सुखाचीं जातात.

आतां पथ्याविषयीं. मूत्रपिंडें थकलीं म्हणजे रक्तांत फॉस्फरस सांचतो, आणि तो सांचला कीं रोग अधिक वेगानें वाढतो. हाडें, काळीज, अंड्यांतील पिवळा बलक, दूध, पनीर यांत हें द्रव्य बरेंच असतें. दूधभात सात्त्विक म्हणून म्हाताऱ्या कुत्र्यासही चांगला, ही समजूत या रोगांत टिकत नाहीं. अंड्याच्या पांढऱ्या भागांत फॉस्फरस अत्यल्प व प्रथिन उत्तम असतें. म्हणून मऊ भाताबरोबर तो शिजवून देण्यास वैद्य सांगतात. ज्या घरीं अंडें चालत नाहीं, त्यांनीं वैद्य सांगेल तें या रोगासाठीं मुद्दाम बनविलेलें खाद्य आणावें. आपल्या सोवळ्याचा भार मुक्या जनावराच्या पथ्यावर घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आपल्या स्वयंपाकघरांतील आणखी दोन जिन्नस सांगितलेच पाहिजेत. द्राक्षें व मनुका यांनीं निरोगी कुत्र्याचींही मूत्रपिंडें एकाएकीं बिघडूं शकतात. त्यांतील टार्टारिक आम्ल यास कारण असावें, असें मत विषवैद्यांनीं २०२१ सालीं मांडलें. आणि तेंच आम्ल चिंचेंतही विपुल असतें. तेव्हां मनुका घातलेला प्रसादाचा शिरा, किंवा चिंचेची आमटी कालविलेला भात, मायेनेंसुद्धां पुढें करूं नये. तसेंच, सांधे दुखत असतील म्हणून आजोबांच्या संधिवाताची गोळी कुत्र्यास देणें म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांवर घाव घालणें होय.

पावसाळ्यांत उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरा नांवाचे जंतु कुत्र्याच्या शरीरांत शिरतात व मूत्रपिंडें आणि यकृत यांवर हल्ला करतात. हा रोग कुत्र्याच्या मूत्रांतून माणसांसही होऊं शकतो. म्हणून त्याची लस वैद्याच्या सल्ल्यानें दरवर्षीं टोंचावी. आणि आजारी कुत्र्याचें मूत्र पुसतांना हातमोजे घालावे व मुलांस तेथून दूर ठेवावें.

आमच्या घरीं मोत्यास चौदावें वर्ष चालूं आहे, व गेले पांच महिने त्याच्यावर हे उपचार चालले आहेत. एक दिवसाआड मानेमागील सैल कातडीखालीं सलाईन द्यावें लागतें. तेथें पिशवीसारखा फुगवटा येतो आणि कांहीं तासांत जिरून जातो. सुई टोंचण्यास धाकट्या सूनबाई शिकल्या आहेत, बाटली नातू धरतो; आणि आम्ही मोत्याच्या डोक्यावर हात फिरवीत बसतों. यांत सर्वांत सोपें काम कोणाकडे आहे, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल! मात्र शाळेंतील हजेरीपटाची संवय येथें उपयोगी पडली. आठवड्याचें वजन, प्यालेलें पाणी, खाल्लेले घांस, झालेल्या वांत्या, हें सारें आम्ही वहींत मांडतों, आणि वैद्य प्रथम ती वही मागतात. एकत्र कुटुंबांत दयेचें पुण्य सर्वांच्या नांवें जमा होतें आणि खरकटें काढण्याचें काम मात्र एकटीच्या वांट्यास येतें. तसें होऊं नये म्हणून घरांतील पुरुषांनीं आपली पाळी ठरवून घ्यावी.

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण. कुत्रें अन्नास तोंड लावीत नाहीं, तोंडांत व्रण पडतात, वांत्या थांबत नाहींत, उठवत नाहीं, अशी अवस्था आली म्हणजे वैद्य निद्रा आणणारें औषध टोंचून यातना संपविण्याचें सुचवितात. अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या मनास हें जड जातें, आणि तें जड जावें हेंच योग्य आहे. तथापि आमच्या मतें येथें एकच कसोटी लावावी: आपणांस पाहवत नाहीं म्हणून हा निर्णय होत आहे, कीं त्याला सोसवत नाहीं म्हणून? दुसरें खरें असेल, वैद्याचेंही तसेंच मत असेल, तर त्यास हिंसा म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. मात्र त्या वेळीं घरचें एक माणूस त्याच्याजवळ असावें. दूर नेऊन रस्त्यावर सोडून देणें हें मात्र सर्वथा निंद्य होय. १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानेंही सबळ कारणावांचून जनावर टाकून देणें हा गुन्हा ठरविला आहे.

कोणी म्हणेल, एका कुत्र्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे: निरुपयोगी झालेल्या जिवाशीं घर कसें वागतें, हें ओसरीवरून लहान मुलें पाहत असतात, आणि त्यांच्याच शेजारीं बसलेलीं घरांतील म्हातारीं माणसेंही पाहत असतात.