स्टेटमेंट काय बोलतं?

परवा मित्राचा फोन आला. सावेडीत फ्लॅट बघितलाय, होम लोनसाठी बँकेने सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलंय, आणि साहेबांना काळजी कसली, तर झोमॅटोची! "मॅनेजर काय म्हणेल रे?"

काही म्हणत नाही. तू मिसळ खाल्लीस की पिझ्झा, बँकेला घेणंदेणं नाही. ती बघते पगार वेळेवर येतो का, हप्ते किती चालू आहेत आणि एखादा बाउन्स झालाय का. खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेलेला दीड हजाराचा मोबाईलचा हप्ता सगळ्या हॉटेलिंगपेक्षा जास्त बोचतो.

हिशोबच करू. पगार हातात 80 हजार. सगळे हप्ते मिळून साधारण निम्म्यापर्यंत बँका चालवून घेतात, म्हणजे 40 हजार. त्यातले 12 हजार बाईक आणि फोनला आधीच जातात. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी लाखामागे हप्ता बसतो साधारण 868 रुपये. म्हणजे जवळजवळ 14 लाखांचं कर्ज त्या बाईक-फोनने खाल्लं! बाईक मस्त आहे, पण एवढी नाही :)

मला खटकतं ते वेगळंच. हा दर महिन्याला पाथर्डीला वडिलांना 10 हजार पाठवतो, शिवाय मित्रांची भिशी. स्टेटमेंटवर दोन्ही म्हणजे कुणाच्या तरी नावावर गेलेली ठराविक रक्कम. बँकेला शंका येणारच, खाजगी कर्ज फेडतोय की काय! घराला हातभार आणि नेमाने केलेली बचत, पण कागदावर उधारीसारखी दिसते.

म्हटलं, त्यांनी विचारायच्या आत दोन ओळींचं पत्र लिहून जोड. आणि बाईक आधी फेड. झोमॅटो चालू दे.