एकाच पाटाचे पाणी

गेल्या आठवड्यात साखरधंद्याच्या भवितव्याविषयी पुण्यात भरलेल्या एका परिसंवादात, ज्यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे परंतु ज्यांनी रात्रीची पाळी धरून उसाला पाणी कधी पाजले असेल असे वाटत नाही, अशा एका वक्त्यांनी एक योजना मांडली. तुकड्यातुकड्यांच्या शेतीवर आधुनिक साखर कारखाना चालणे यापुढे अशक्य आहे. सबब शासनाने एक भक्कम कंपनी स्थापन करावी, तिच्या ताब्यात हजारो एकरांचे सलग क्षेत्र द्यावे आणि बेण्यापासून इथेनॉलपर्यंतचा सारा कारभार एकाच शास्त्रशुद्ध व्यवस्थापनाकडे सोपवावा, अशी ती योजना. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा मला राग आला नाही. राग आला तो याचा की, ज्या शहरात ही कल्पना नवी म्हणून सांगितली जात होती, त्याच शहरातल्या एका मुख्य कचेरीत ती साठ वर्षांहून अधिक काळ दप्तरांच्या रूपाने नांदत आहे आणि तिचे नाव महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ आहे, हे त्या मंडळींपैकी एकालाही आठवू नये.

महामंडळाची कुळकथा या स्तंभाच्या वाचकांना पुन्हा सांगत बसण्याचे प्रयोजन नाही. खंडकऱ्यांविषयी, म्हणजे ज्यांच्या जमिनी कारखान्यांनी खंडाने घेतल्या त्या मूळ मालकांविषयी, मी इतक्या वेळा लिहिले आहे की, आता दुसरा विषय धरावा असे काही वाचकांनी अत्यंत सौजन्याने सुचवून पाहिले. तेव्हा आज त्या कथेतला एकच सांधा तपासू. १९६१ साली जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला, तेव्हा खाजगी साखर कारखान्यांच्या कब्जातील प्रचंड मळ्यांचे काय करावयाचे हा प्रश्न शासनापुढे उभा राहिला. मर्यादेवरील जमीन काढून घेणे प्राप्त होते. पण ती इतरत्र वाटतात तशी वाटून टाकली तर कारखान्याचा कच्चा माल खंडित होईल, अशी भीती होती. म्हणून कलम २८ अन्वये असे ठरले की, जमीन काढून घ्यावी खरी, परंतु क्षेत्राची अखंडता राखावी आणि कारखान्यास होणाऱ्या पुरवठ्यास बाध येऊ देऊ नये. त्या कलमाच्या पोटी १९६३ साली महामंडळ जन्माला आले, चौदा मळे आणि सुमारे ८५ हजार एकर जमीन त्याच्या ओटीत पडली, आणि पुढे गोदावरी शुगर मिल्सने केलेल्या दाव्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाच्या वैधतेवर शिक्कामोर्तब केले. कायद्याच्या दृष्टीने सारे यथास्थित झाले. प्रश्न उरतो तो एवढाच की, ज्या गृहीतकावर हा डोलारा उभा केला, म्हणजे मोठ्या यंत्राला मोठे शेतच लागते, ते खरे होते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोणत्याही समितीस परदेशी जावे लागत नव्हते. ते महामंडळाकडे आलेल्या हरेगावच्या मळ्याच्याच जिल्ह्यात, तेथून एस.टी.ने तासा-दीड तासाच्या अंतरावर, गव्हाणीत ऊस टाकीत उभे होते.

हरेगाव आणि प्रवरानगर ही दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली. दोन्हीकडे १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचे, प्रवरेच्याच पाटांनी येणारे पाणी. जमीन तीच, हवा तीच, आणि पाणी जास्त झाले की चोपण होण्याचा त्या जमिनीचा दुर्गुणही तोच. हरेगावास १९१९ साली स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीने आपला विस्तीर्ण मळा वसवला: खंडाने घेतलेल्या आणि इतर मार्गांनी ताब्यात आलेल्या जमिनी एकत्र केल्या, बांध मोडले, साहेब नेमला, साहेबाखाली ओव्हरसीयर, ओव्हरसीयरखाली मुकादम आणि मुकादमाखाली मजूर अशी उतरंड रचली. परिसंवादातल्या वक्त्यांना जे हवे आहे ते हेच; फरक असलाच तर साहेबाच्या डोक्यावरच्या हॅटच्या जागी आज ड्रोन घिरट्या घालील, इतकाच. याउलट प्रवरानगरास, म्हणजे लोणीच्या परिसरात, विठ्ठलराव विख्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने अध्यक्षपद पत्करले, १९४८ साली संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात दिवसाला ५०० टन ऊस गाळणारा कारखाना सुरू झाला. त्या कारखान्याच्या मालकीचे सलग क्षेत्र असे काही नव्हतेच. जे होते ते सभासदांच्या शेतांत विखुरलेले: कुणाचे चार एकर, कुणाचे दीड, कुणाचे भावकीच्या वादात अडकलेले वीस गुंठे.

म्हणजे १९६१ चा कायदा होईपर्यंत या विखुरलेल्या उसावर प्रवरानगरच्या कारखान्याचे दहा हंगाम तरी निर्वेध पार पडले होते, आणि त्याचे अनुकरण करून अन्य सहकारी कारखानेही धुराडी उभारीत होते. क्षेत्राची अखंडता मोडली तर गाळप मोडेल हे गृहीतक कायद्याच्या पुस्तकात छापले जात असतानाच, त्याच शासनाचे भागभांडवल घेऊन चाललेला एक कारखाना ते रोज खोटे पाडीत होता. सहकार खात्याच्या फायलीत जे सिद्ध झाले होते ते महसूल खात्याच्या फायलीस कळले नाही. आपल्या राज्यकारभारात ही गोष्ट नवी नव्हे. पण ८५ हजार एकरांच्या बाबतीत ती फार महाग पडली.

हे साधले कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. साखर कारखान्याला अखंडता हवी असते ती काळाची. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा लागतो, नाही तर उतारा घसरू लागतो; आणि न तोडलेला ऊस पक्व होऊन उभा राहिला तर त्याला तुरे फुटतात, वजन घटते. हा काळ सांभाळण्यासाठी सहकारी कारखान्याने जमीन एकत्र केली नाही, नोंद एकत्र केली. शेतकी खात्याचा माणूस गटागटात हिंडून लागणीची तारीख, उसाची जात, तो आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, हे सारे टिपून घेतो. त्या तारखांवरून तोडणीचा क्रम लागतो. आणि हंगामात चिटबॉय नावाचा तो तरुण, ज्याच्या खिशातल्या वहीला गावात तलाठ्याच्या दप्तराइतका मान असतो, तोडीची चिठ्ठी घेऊन बांधावर हजर होतो. त्या वहीत वशिला चालत नाही असे मी म्हणणार नाही. चालतो, आणि भरपूर चालतो. पण वशिला चालला की शेजारच्या बांधावरचा सभासद, ज्याचा ऊस आधीच्या तारखेचा असतो, गट कचेरीत जाऊन टेबल बडवतो, आणि तेथे दाद लागली नाही तर वार्षिक सर्वसाधारण सभेत ध्वनिक्षेपक हिसकावून घेतो. या सभांतील गोंधळाची शहरी वृत्तपत्रे नेहमी टवाळी करतात. त्या कारखान्यांचा खरा हिशेबतपासनीस तो गोंधळच होता, असे माझे मत आहे.

महामंडळाच्या मळ्यावर टेबल बडवणारा कोणी नव्हता. ऊस वाळला तर व्यवस्थापकाचा वाळत नव्हता, मुकादमाचा वाळत नव्हता, आणि पुण्याच्या कचेरीतला तर नव्हताच नव्हता. तो शासनाचा वाळत होता, आणि शासन कधी बांधावर येत नसते. ज्याचा खरोखर जीव जळावा तो मूळ मालक, म्हणजे खंडकरी, मळ्याच्या कुंपणाबाहेर उभा राहून आपल्या आजोबांच्या सर्व्हे नंबरात दुसऱ्याच्या हुकमाने उभा असलेला ऊस बघत होता. त्याचा लढा कॉम्रेड माधवराव गायकवाड यांनी कितीएक वर्षे नेटाने चालवला, आणि जमिनी परत मिळू लागल्या त्या २०१२ साल उजाडल्यावर. दरम्यान हरेगावचा कारखाना बंद पडून त्याच्या यंत्रांवर गंज चढला. पण ज्याच्या पुरवठ्यासाठी म्हणून क्षेत्र अखंड राखले होते तो कारखानाच उरला नाही, तेव्हा ते आता कोणासाठी राखावयाचे, असा साधा प्रश्न त्या दप्तरातून वेळेवर उमटल्याचे दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हा सरकार विरुद्ध लोक असा सोपा सामना झाला. तसे नाही. प्रवरानगरही शासनाच्या पाठबळावरच उभे राहिले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांची सहानुभूती, शासनाचे भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज यांच्यावाचून विख्यांची जिद्द लोणीच्या वेशीबाहेर पडती ना. दोन्हीकडे शासन होते. एकीकडे ते शेतकऱ्याच्या पैशात आपला पैसा मिसळून बाजूला बसले. दुसरीकडे ते स्वतःच नांगर धरून उभे राहिले आणि नांगराची मूठ तीन वर्षांच्या नेमणुकीवर आलेल्या अधिकाऱ्याच्या हाती दिली.

आणि आता माझे बंगलेपुराण. नेहमीचे वाचक हा परिच्छेद वगळून पुढे गेले तरी माझी हरकत नाही. कंपनीच्या साहेबांनी मळ्यांवर बांधलेले ते उंच छपरांचे, रुंद व्हरांड्यांचे, आंब्याच्या सावलीतले बंगले महामंडळास जमिनीबरोबर वारशाने मिळाले, आणि या सगळ्या अपयशाचे मूळ त्या व्हरांड्यांत आहे असे माझे जुने अनुमान आहे. व्हरांड्याची रुंदी आणि उसाचे एकरी वजन यांचे प्रमाण व्यस्त असते. या सिद्धांताच्या पुष्ट्यर्थ माझ्यापाशी कोष्टक नाही, आणि कृषी विद्यापीठांनी या संशोधनास अद्याप हात घातलेला नाही. तथापि आरामखुर्चीत बसून जेथून संपूर्ण मळा दिसतो, तेथून एकही सरी दिसत नाही, हे अनुभवी माणसास सांगावे लागत नाही. सहकारी कारखान्यांच्या अध्यक्षांनीही पुढे तसेच बंगले बांधले, आणि त्यांच्या उताऱ्याचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच.

महामंडळाच्या बाजूने बोलण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्या मळ्यांवर कायम कामगार होते; त्यांना हजेरीपट होता, संघटना होती, राहावयास चाळ होती. ज्या सहकाराचे मी गोडवे गातो, त्याचा ऊस तोडतो कोण? बीडकडून उचल घेऊन आलेला, पाचटाच्या कोपीत राहणारा, बायकोसह एक कोयता म्हणून मोजला जाणारा मजूर. तो सभासद नाही, त्याला सर्वसाधारण सभा नाही, आणि त्याने बडवावे असे टेबल कोणत्याही गट कचेरीत ठेवलेले नाही. याच हरेगावात १९३९ च्या डिसेंबरात महार वतनदारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते, आणि त्यांनीच १९४७ साली शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन राज्याची असावी आणि गावकऱ्यांच्या गटांनी ती सामुदायिकरीत्या कसावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे भेदच उरणार नाहीत, अशी मांडणी केली. सरकारी शेतीचा याहून थोर पुरस्कार आपल्याकडे कोणी केलेला नाही. महामंडळाने त्यातला राज्याच्या मालकीचा अर्धा भाग तेवढा उचलला. कसणारांच्या गटाचा अर्धा भाग जागच्या जागी राहिला. त्यामुळे जमिनी परत गेल्या तेव्हा मळ्यावरचा कामगार होता तसाच भूमिहीन उरला, आणि दोन गुंठे घरासाठी मिळावेत म्हणून अर्ज करीत बसला.

आता उरलेल्या जमिनींचे काय चालले आहे? ज्या क्षेत्राचा तुकडा पडू नये म्हणून कायद्यास स्वतंत्र कलम जोडावे लागले, तेच आता संयुक्त शेतीच्या निविदा काढून बोली लावणाऱ्यांना कराराने कसावयास दिले जाते. काही शिर्डीजवळच्या औद्योगिक वसाहतीकडे गेले. सलगतेचे तत्त्वज्ञान असे निविदेच्या नमुन्यात विसर्जित झाले असताना, पुन्हा सलग क्षेत्राची, पुन्हा शासकीय कंपनीची मागणी व्हावी, आणि तीही महामंडळाच्या साठ वर्षांचा मळावार ताळेबंद कोणी मागितल्याशिवाय, ही आपल्या नियोजनाची जुनी खोड आहे.

पुढच्या परिसंवादास मला आमंत्रण येईल असे दिसत नाही. ज्यांना येईल त्यांनी त्या विद्वान वक्त्यांना माझ्या वतीने एवढेच विचारावे: आपल्या नियोजित कंपनीच्या शेतात मार्चच्या उन्हात ऊस उभ्याने वाळू लागला, तर कोणाची झोप उडेल? हुद्दा सांगू नका, माणूस सांगा. तो सांगता आला, तर प्रकल्प अहवालाची उरलेली पाने मी व्हरांड्यात बसून का होईना, पण पुरती वाचीन.

— पाटकरी