रात्री साडेअकराचं जेवण नेमकं कुणासाठी?

प्रति,
मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे रात्रीच्या स्लीपर गाड्या चालवणारे ट्रॅव्हल्सचे मालक,
राज्य परिवहन महामंडळात रातराणीचं वेळापत्रक लावणारे अधिकारी,
आणि परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य



पाली हे बीडच्या दक्षिणेला, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. बिंदुसरा धरण आमच्या अंगणात म्हणावं इतकं जवळ. पुढे घाट चढून गेलं की मांजरसुंब्याचा चौक लागतो. तिथून एक रस्ता पाटोदा-जामखेडवरून नगरकडे जातो, दुसरा केज-अंबाजोगाईकडे, आणि महामार्ग सरळ सोलापूरला. अंधार पडला की या चौकातून स्लीपर गाड्यांची रांग सुरू होते. पुण्याला जायचं तर रात्रीच जायचं, हे आमच्याकडे ठरून गेलेलं आहे. दिवस मोडत नाही आणि मुक्कामाचा खर्च वाचतो. रेल्वेची वाट बघण्यात आमच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. अखेर १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर गाडी धावली. आनंदच झाला, पण रात्री बीडला झोपून सकाळी पुण्यात उठवणारी ती गाडी नव्हे. विमानतळ जिल्ह्यात नाही; जवळचा म्हणजे चिकलठाणा. मग राहते तुमची स्लीपर. तोच आमचा बिझनेस क्लास. आडवं होता येतं, पडदा ओढता येतो, पांघरूण मिळतं, मोबाइल चार्ज होतो. दिवाळीत तिकिटाचा आकडा बघितला तर बिझनेस क्लास हा शब्द थट्टेचाही वाटत नाही.

भाड्यावर भांडायला हे पत्र लिहीत नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते जेवणाच्या हॉल्टबद्दल.

साडेनऊ-दहाला गाडी येते. बॅग डिक्कीत जाते, चपला हातात घेऊन माणूस वर चढतो. घाटाची वळणं संपून पाटोदा मागं पडेपर्यंत डोळा लागलेला असतो. साडेअकरा-बाराच्या सुमारास गाडी कच्च्या जागेवर हेलकावे खात उतरते आणि सगळे दिवे एकदम लागतात. क्लीनर दांड्यावर हात आपटत जातो, ‘चला, जेवणाला अर्धा तास, गाडी लॉक होणार, सगळ्यांनी उतरा.’ एसी बंद होतो. ज्याला जेवायचं नाही तोही उतरतो, कारण बंद गाडीत गुदमरतं आणि मागं राहणाऱ्याकडे संशयानं बघितलं जातं. कडेवर झोपलेलं लेकरू घेऊन बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. समोर स्पीकरवर गाणी. अर्ध्या तासाचा पाऊण तास होतो, कारण चौघांची शेवभाजी अजून यायची असते.

आता हिशेब करा. पालीहून पुणे सहा-सात तास. पहिला तास पिकअपचा. ‘दादा, कुठपर्यंत आलात’ हे फोन, वाटेतले थांबे, तिकीट बघणं. शेवटचा तास वाघोलीपासून पुढे माणसं उतरवण्याचा. झोपेला उरतात चार, फार तर पाच तास. त्यातला पाऊण तास तुम्ही काढून घेता, तोही बरोबर मधून. झोपेबद्दल एवढं आता सगळ्या डॉक्टरांना मान्य आहे की तिचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं आणि सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या हिश्शात येते. दहाला आडवा झालेला माणूस साडेअकराला ओढून उठवला तर गेला तो फक्त पाऊण तास नसतो. परत झोप लागायला वेळ लागतो, आणि पोटात झणझणीत रस्सा असेल तर ती लागतच नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या, असं आम्लपित्तवाल्याला डॉक्टर बजावतात. तुमच्या गाडीत हात धुतल्यापासून पाच मिनिटांत माणूस परत आडवा असतो.

माझा एक भाचा कंपनीच्या खर्चानं परदेशी जातो. त्याच्याकडून ऐकल्यावर लक्षात आलं की हा तिढा गरिबांच्या गाडीपुरता नाही. न्यूयॉर्कहून रात्री लंडनला निघालेलं विमान पाठीशी वारा असल्यानं साडेसहा-सात तासांत पोचतं. म्हणजे पाली-पुणे स्लीपरइतकाच वेळ. ब्रिटिश एअरवेजनं २०००मध्ये बिझनेस क्लासला पूर्ण आडवी होणारी खुर्ची दिली. एवढी महागडी गादी विकायची आणि गिऱ्हाइकाला तिच्यावर दीड तास ताठ बसवून एकामागून एक ताटल्या वाढायच्या, तर त्यानं पैसे कशाचे मोजले? त्यांनी तोडगा काढला तो असा: जेवण विमानतळावरच्या लाउंजमध्येच करून घ्या, विमानात शिरलात की दिवा घालवा. कतार एअरवेजसारख्यांनी दुसरी वाट धरली, ताट हवं तेव्हा मागा, आमची ठरलेली वेळ नाही. सकाळच्या नाश्त्याला उठवायचं की नाही, हेही काही ठिकाणी झोपण्याआधीच विचारून ठेवतात. सगळे शहाणे झालेत असंही नाही. मुंबईहून पहाटे आखाताकडे निघणारं विमान तीन तासांचं, आणि तरी उड्डाण झाल्याबरोबर दिवे लावून ट्रे पुढे करणारे आहेतच. भाच्याच्या मते त्या वेळी डोळे घट्ट मिटून पडणं हीच खरी कला.

पण एक फरक तिथं पडलाय. जेवण ही प्रवाशाची सोय आहे की वाढणाऱ्याची, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आपल्या महामार्गावर तो कुणी विचारलेला नाही, आणि त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. हॉल्ट कुठं आणि किती वाजता घ्यायचा, हे भुकेवर ठरत नाही, हॉटेलवर ठरतं. चालक-क्लीनरचं ताट तिथं फुकट असतं. गाडीमागं काय मिळतं ते तुम्हाला माहीत, मला नको. एसटीचेही अधिकृत थांबे असतात, आणि तिथं गाडी थांबवण्याचे पैसे महामंडळाच्या तिजोरीत जातात. उघड व्यवहार आहे, मला त्यात पाप दिसत नाही. फक्त पैसे मोजणारा हॉटेलवाला गर्दीची वेळ मागणार, आणि ती वेळ आमच्या झोपेतून निघणार, एवढं कबूल करा.

चालकाला थांबा हवाच, हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. शंभर टक्के हवा. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली, ती उगाच नाही. १ जुलै २०२३ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी स्लीपर उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. रात्रीचे दीड वाजत होते, बहुतेक जण झोपेत होते. ती बातमी वाचल्यापासून आमच्या गावातले कितीतरी जण गाडीत चढलं की आधी मागची काच कुठं फुटते ते बघून ठेवतात. तेव्हा चालकाची विश्रांती काढून घ्या असं म्हणायला मी वेडा नाही. माझं म्हणणं उलट आहे, आजचा हॉल्ट चालकाच्याही उपयोगाचा नाही. शरीराला सगळ्यात जास्त पेंग येते ती रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान. तुम्ही त्याला साडेअकराला भरपेट जेवू घालता आणि नेमक्या पेंगेच्या वेळी सलग गाडी हाकायला लावता. त्याला नऊला हलकं जेवण द्या आणि दोन-अडीचला वीस मिनिटं मान टेकू द्या. त्या वेळी गाडी उभी राहिली, दिवे बंद राहिले आणि कुणी ओरडलं नाही, तर आम्हाला पत्ताही लागणार नाही.

थांब्याचं दुसरं खरं कारण संडास-बाथरूम. याबद्दल बायका बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. आमच्याकडच्या बायका रात्रीच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की दुपारपासून पाणी कमी करतात. कारण हॉटेलचं जेवण बरं असलं तरी मागची बाजू कशी असेल याचा भरवसा नसतो. दाराला कडी नसते, दिवा नसतो, वाट चिखलाची असते. थांबा निवडताना तुमचा माणूस आधी स्वयंपाकघरात जात असेल, तर त्यानं आधी मागं जावं. कडी, बल्ब, पाणी आणि बाईमाणसाला एकटीनं जाता येईल अशी वाट हे असेल तरच करार. मधुमेहाच्या माणसांना आणखी वेगळी अडचण. इन्शुलिन घेणाऱ्याला जेवणाची वेळ पाळावी लागते; ‘बघू, नगरच्या अलीकडे थांबू’ या उत्तरावर तो सुई कधी टोचणार?

आणि भुकेचं म्हणाल, तर बीड-पालीहून दहाला चढणारा माणूस उपाशी निघतो, हे मला पटवून दाखवा. आमच्याकडे पोरगं पुण्याला निघालं की आई संध्याकाळपासून तव्यासमोर असते. तो जेवून निघतो, वर सकाळसाठी धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत असते. त्याला सातच्या शिफ्टला रांजणगावला उभं राहायचं असतं, नाहीतर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा धरायची असते. त्याच गाडीत ससूनच्या ओपीडीची रांग गाठायची म्हणून निघालेले म्हातारा-म्हातारीही असतात. विमानातल्या माणसाला सकाळी मीटिंगमध्ये जांभई आली तर फार तर हसं होईल. मशीनवर उभ्या राहणाऱ्या पोराला डुलकी परवडत नाही.

लांबून येणाऱ्यांचं वेगळं आहे, हे मान्य. लातूरकडून सहा-सातला निघालेल्यांना वाटेत जेवण लागतंच. त्यांचा हॉल्ट नऊच्या आसपास घ्या. हॉटेलं काय फक्त नगरजवळच आहेत का? मांजरसुंब्याच्या चौकात हवी तेवढी आहेत. पालीचा माणूस सांगतोय म्हणून गावाकडचा धंदा बघतोय असं वाटेल. वाटू द्या, वेळ मात्र बरोबर आहे. नऊला सगळे जागे असतात, पोरं रडत नाहीत, आणि जेवून दोन तासांनी झोप येते. त्यानंतर गाडीत मोठा दिवा लावायचा नाही. ज्या गाड्या बीडहूनच साडेनऊनंतर सुटतात त्यांना जेवणाचा हॉल्ट मुळात नकोच, दहा-पंधरा मिनिटांचा बाथरूमचा थांबा पुरे. उतरेल तो उतरेल, बाकीच्यांना उठवायचं नाही, एसी चालू, आणि गाडीला राखण म्हणून क्लीनर दारात. तो वेळ क्लीनरच्या जेवणाचा असेल तर त्याला नऊला जेवू घाला, इतकं सोपं आहे.

तिकिटावर बर्थ नंबर छापता, पिकअपची वेळ छापता, ड्रायव्हरचा मोबाइल पाठवता. तिथंच एक ओळ घाला, जेवणाचा थांबा कुठं आणि किती वाजता. बुकिंग करताना एक चौकोन ठेवा, ‘थांब्यावर उठवावे का?’ हो म्हणणाऱ्यांच्या बर्थची यादी क्लीनरच्या हातात द्या. हीच यादी पहाटेही कामाला येईल. साडेतीनला ‘वाघोली, वाघोली, चला वाघोलीवाले’ अशी आरोळी सगळ्या गाडीला ऐकवली जाते, आणि उतरतात दोघं. कोण कुठं उतरणार हे तुमच्या चार्टवर आहेच. त्या दोघांच्या पडद्याला हात लावा, स्वारगेटचा माणूस आणखी पाऊण तास झोपेल.

रेल्वेला आपण इतकी नावं ठेवतो, पण या बाबतीत तिनं निदान वेळ ठरवून दिली. २०१७ साली रेल्वे बोर्डानं आरक्षित डब्यांतली झोपेची वेळ रात्री १० ते पहाटे ६ अशी आखून दिली. मधला बर्थ कधी उघडायचा यावरून भांडणं होत, म्हणून. नियम निघाला भांडणातून, पण त्यामुळे दहानंतर दिवा घालवा म्हणायला माणसाला आधार मिळाला. लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं जाणाऱ्या आमच्या पाहुण्यांना बार्शी-कुर्डुवाडीला जेवायला कुणी उठवत नाही, आणि ते उपाशी मेल्याचं ऐकिवात नाही. आयुक्तसाहेब, खासगी स्लीपरला परवाना देताना तुम्ही बर्थ, आपत्कालीन दरवाजे, अग्निशामक नळकांडं तपासता. त्यातच रात्री १० ते ५ या वेळेत प्रवाशाला सक्तीनं उतरवू नये, गाडी बंद करून एसी तोडू नये, अशी एक अट बसते का बघा. तपासायला वेगळी यंत्रणाही नको. प्रवाशाच्या हातात तिकीट असेल आणि तिकिटावर ओळ असेल, तर बाकीचं तो बघून घेईल.

महामंडळाला एक वेगळी विनंती. रातराणीत निम्मी माणसं बसून जातात. त्यांना मधे पाय मोकळे करावेसे वाटतात, त्यामुळे तिथं थांबा काढून टाकता येणार नाही. पण ज्या गाडीत वर बर्थ आणि खाली सीट आहेत, तिथं खालच्यांच्या चहासाठी वरच्यांना उठवायची गरज नाही. वाहकाला दोन दिवे वेगळे लावता येतील एवढी वायरिंग कार्यशाळेत होऊ शकते. पंढरीच्या वारीला हजारो जादा गाड्या सोडणाऱ्या महामंडळाला हे अवघड जाईल असं वाटत नाही.

दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी मालकांनी आपली कुठलीही एक बीड-पुणे गाडी महिनाभर या पद्धतीनं चालवून बघावी. हॉटेलवाल्याकडून येणारं बुडेल, ते किती ते मोजा. त्या महिन्यात किती प्रवासी त्याच गाडीचं परतीचं तिकीट मागतात, तेही मोजा. गाडी कोणती ते तुम्ही ठरवा आणि पालीच्या थांब्यावर एक कागद चिकटवा. आम्ही जेवून येतो.

आपला,
पालीचा एक प्रवासी
ता. जि. बीड