पडले होते, एवढं आठवतं

मंगळवारची अख्खी दुपार मी एकाच पानावर अडून बसले होते. एका इंग्रज बाईंच्या आत्मकथनाचा मराठी अनुवाद छापायला जाण्याआधी वाचून द्यायचा होता. पहिल्याच प्रकरणात बाई लिहितात, ‘आय रिमेंबर दॅट आय फेल’. सहाव्या वर्षी त्या बागेच्या भिंतीवरून पडल्या, त्याबद्दलचं हे वाक्य. पुढे बऱ्याच पानांनंतर, ओल्या शेवाळाचा वास आल्यावर, त्याच भिंतीबद्दल त्या लिहितात, ‘आय रिमेंबर फॉलिंग’. अनुवादात दोन्ही ठिकाणी एकच वाक्य होतं: ‘मी पडले ते मला आठवतं.’ मी दोन्हींखाली लाल रेघ मारून पान परत पाठवलं. प्रकाशनाकडून उत्तर आलं, ‘अर्थ तोच आहे, वाचकाला काय फरक पडतो?’

फरक पडतो. त्या पुस्तकात तर दुसरं काही घडतच नाही. पहिल्या प्रकरणातल्या बाईंकडे पडण्याची फक्त माहिती आहे. शेवाळाचा वास येतो तेव्हा त्या पडतात. एवढा प्रवास इंग्रजीने ‘दॅट’ ठेवून आणि काढून दाखवला आणि आपण तो एका वाक्यात बुजवला.

इंग्रजी बोलणारा माणूस स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलताना ‘दॅट’ कुठे घालतो आणि कुठे टाळतो, हे मी बरीच वर्षं टिपत आले आहे. ‘दॅट’नंतर एक पुरं वाक्य येतं. त्याला स्वतःचा कर्ता असतो, स्वतःचा काळ असतो आणि ते खरं की खोटं हे कुणालाही तपासता येतं. ‘फॉलिंग’ खरं किंवा खोटं असू शकत नाही. ते नुसतं घडतं. आजोबा लढाईवर होते, हे घरात ऐकून ज्याला ठाऊक आहे तो इंग्रज ‘आय रिमेंबर दॅट माय ग्रँडफादर फॉट इन द वॉर’ असं खुशाल म्हणेल. पण ‘आय रिमेंबर माय ग्रँडफादर फायटिंग’ म्हणाला, तर ऐकणारा थांबवून विचारेल, तू तिथे होतास का? हा नियम त्याला कोणी शाळेत शिकवलेला नसतो. चार-पाच वर्षांचं पोरही यात सहसा चुकत नसेल असं मला वाटतं, पुरावा मागू नका.

एंडेल टलव्हिंग या मानसशास्त्रज्ञाने 1972 साली स्मृतीचे दोन प्रकार वेगळे करून मांडले. एका स्मृतीत जगाबद्दलची माहिती असते, दुसरीत आपण जगलेले प्रसंग. पुढे टोरांटोत त्याने के. सी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका माणसाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. 1981 साली मोटारसायकलच्या अपघातात के. सी.च्या मेंदूला जबर इजा झाली होती. तो बोले, वाचे, बुद्धिबळ खेळे. आपल्या कुटुंबाचं उन्हाळ्यात राहायला जायचं एक घर आहे, ते कुठे आहे, हे त्याला माहीत होतं. पण त्या घरात आपण असल्याचा एकही दिवस, एकही संध्याकाळ त्याला आठवत नव्हती. आयुष्यातला कुठलाच प्रसंग आठवत नव्हता. टलव्हिंगचं लिखाण वाचताना माझ्या मनात पुन्हा पुन्हा एकच येत राहिलं: या माणसाजवळ फक्त ‘दॅट’ उरला आहे. घर आहे, हे त्याला ठाऊक. भाऊ होता, हे ठाऊक. शाळेत गेलो, हे ठाऊक. पायरीचा गारवा नाही, भावाचा आवाज नाही, शाळेतली कुठली दुपार नाही. एका माणसाचं सगळं आयुष्य गौण वाक्यांत जमा झालं होतं. ‘अर्थ तोच आहे’ असं लिहिणाऱ्यांनी के. सी.बद्दल एकदा जरूर वाचावं.

पाहण्याचंही असंच आहे. ‘आय सॉ हिम फॉल’ आणि ‘आय सॉ दॅट ही फेल’. दुसऱ्या वाक्यातला माणूस कदाचित मागाहून पोचला असेल. गुडघा फुटलेला, सायकल आडवी, यावरून त्याने ताडलं असेल. जॉन बारवाइज यांनी 1981 साली या जोडीवर एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा माझ्या शब्दांत असा: मंत्र्यांना रस्ता ओलांडताना मी पाहिलं असेन आणि ते मंत्री आहेत हे मला ठाऊकही नसेल. पण ‘मंत्र्यांनी रस्ता ओलांडला, हे मी पाहिलं’ असं म्हणायचं तर ते मंत्री आहेत हे मला कळलेलं हवं. पहिल्यात डोळे पुरतात, दुसऱ्यात डोक्याने निकाल द्यावा लागतो.

1872 च्या पुरावा कायद्याचं साठावं कलम हेच सांगत होतं. जी गोष्ट डोळ्यांनी दिसण्यासारखी आहे, तिच्याबद्दल ‘मी ती पाहिली’ असं म्हणणाऱ्याचीच साक्ष हवी. आणि आपल्या न्यायालयांत उलटतपासणी कशी लिहून घेतात ते पाहा. ‘हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीस ओळखत नाही.’ ‘हे म्हणणे खोटे आहे की, मी खोटी साक्ष देत आहे.’ इंग्रजीतल्या ‘इट इज नॉट ट्रू टु से दॅट’चा हा मराठी अवतार. वाक्य वकिलाचं आणि तोंड साक्षीदाराचं. शेतावरून आलेला माणूस काय पाहिलं ते सांगायला उभा राहतो आणि त्याच्या नावावर अशी ‘की’ची वाक्यं लिहिली जातात, जी त्याने जन्मात उच्चारली नसती. बाईंच्या पुस्तकात झालं ते एका वाक्याचं नुकसान. इथे माणसाचं होऊ शकतं.

याची दुसरी बाजू म्हणजे ‘आय फील दॅट’. मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अहिंसक संवादाची पद्धत शिकवताना एक खूण सांगून ठेवली आहे: ‘फील’च्या मागोमाग ‘दॅट’ आला की समजावं, पुढे येतंय ते मत आहे, त्यात भावना नाही. ‘आय फील सॅड’मध्ये माणूस स्वतःबद्दल बोलतो. ‘आय फील दॅट यू डोंट केअर’मध्ये तो समोरच्यावर आरोप करतो आणि वर भावनेचं पांघरूण घालतो. आरोप खोडून काढता येतो, भावना कशी खोडणार? म्हणून समोरचा गप्प बसतो. 2016 साली मॉली वर्दन या इतिहासाच्या प्राध्यापिकेने ‘आय फील लाइक’च्या सुळसुळाटावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. त्यांची तक्रारही मुळात हीच होती, की अशा बोलण्याने वाद घालण्याची वाटच बंद होते. आपल्याकडची मुलं आता ‘मला असं फील होतं की’ म्हणू लागली आहेत. ‘मला एकटं वाटतं’ आणि ‘तू मला टाळतोस असं मला वाटतं’, ही दोन वेगळी वाक्यं त्यांच्या आजीला येत होती. पहिल्यात वाटणं, दुसऱ्यात ‘असं’ वाटणं. तो एक ‘असं’ सांगून टाकायचा की पुढचं मत आहे, त्यावर बोलू या.

आणि आता माझं नेहमीचं. ‘म्हणून’वर मी पूर्वी एक लेख लिहिला होता. अनुवादाच्या मराठीत ‘की’ माजला आहे असं मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. ‘मला जाणवलं की’, ‘माझ्या लक्षात आलं की’, ‘मी पाहिलं की’. इंग्रजीत ‘दॅट’ दिसला रे दिसला की हात ‘की’कडे जातो. आपल्याकडे ‘जाताना दिसला’ आहे, ‘गेल्याचं कळलं’ आहे, ‘गेला असं ऐकलं’ आहे, ‘गेला म्हणून सांगितलं’ आहे. अनुभवापासून आपण किती लांब उभे आहोत, ते मोजायच्या या पट्ट्या आहेत. त्यांच्याऐवजी सगळीकडे ‘की’ वापरला तर ते अंतर दिसेनासं होतं. ‘मला’ तर आपल्याकडे अजून जिवंत आहे: आठवण मला येते, भीती मला वाटते. जुन्या इंग्रजीतही हा बांधा होता. ‘मला वाटतं’ला ‘मी थिंक्स’ म्हणत (त्यातला इंग्रजी ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’) आणि ‘वाटणं’ व ‘विचार करणं’ ही तिथे दोन निराळी क्रियापदं होती. उच्चार जवळ येत येत ती एकमेकांत मिसळली. शेक्सपिअरच्या काळात ‘मी थिंक्स’ ऐकू येई. आज सगळं काम ‘आय थिंक’ करतं. त्यांनी गमावलेलं आपल्याकडे आहे आणि आपण ते अनुवादात वापरत नाही, याचा मला राग येतो.

गुरुवारी अनुवादिकेचा फोन आला. तरुण मुलगी आहे, पान परत आल्याने जरा दुखावलेली. “ताई, मग तुम्ही काय लिहिलं असतं?” मी म्हटलं, पहिल्या प्रकरणात ‘मी पडले होते, एवढं आठवतं’ आणि पुढे ‘पडतानाचं आठवतं’. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, पानं चाळल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, “ताई, या दोन्हींच्या मध्ये अजून एक आहे.” तिने वाचून दाखवलं: ‘आय रिमेंबर माय मदर टेलिंग मी दॅट आय फेल.’

हे वाक्य माझ्या नजरेतून सुटलं होतं. सांगणारी आई बाईंना आठवते आहे, समोर दिसते आहे. पडणं मात्र अजून आईकडून कळलेलंच आहे. एका वाक्यात दोन्ही. मी फोनवरच चार रचना करून पाहिल्या. ‘मी पडल्याचं आईने सांगितलेलं आठवतं’मध्ये आई मागे राहत होती. ‘मी पडले असं सांगणारी आई आठवते’मध्ये सांगणं विझत होतं. तिने मध्येच अडवून स्वतःचं वाचलं: “आई सांगताना आठवते, की मी पडले होते.”

तो ‘की’ मी तसाच राहू दिला.