मसाल्याचे कप्पे आणि हातातली पट्टी

मैत्रिणींनो, जालना म्हणजे बियाणं आणि पोलाद, हे साऱ्यांना ठाऊक. पण येसर, काळा मसाला, हळद, तिखट यांना किती घरांत नीट जागा असते? उजेडानं आणि शेगडीच्या धगीनं तिखटाचा रंग उडतो, वास जातो. म्हणून मसाले शेगडीपासून लांबच्या ड्रॉवरमध्येच बरे.

त्याला जुन्या खोक्याच्या फळ्या पुरतात. मी ड्रॉवर आतून मोजला, अर्धा सेंटीमीटर कमी धरला, फळ्या पॉलिश पेपरनं घासल्या आणि डब्यांच्या मापाचे कप्पे ठोकले. एक काळजी मात्र घ्याच. औषध लावलेलं बियाणं, खत, कीटकनाशक यांची खोकी नकोतच. परदेशी मालाच्या फळीवर इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवलेलं, 'एमबी' म्हणजे विषारी धुरी दिलेलं. हे दुसरं घरात आणूच नका.

"बाईच्या हातात हातोडी कशाला?" असं कुणीतरी म्हणेलच. स्वयंपाकघर बाईचं, असं सगळेच म्हणतात. ओट्याची उंची, फळीची जागा ठरवताना मात्र तिला फारसं कुणी विचारत नाही. मग सुरुवात एका ड्रॉवरपासून का होईना, माप आपणच घेऊ या!